एका भिंतीवरचे दोन काळ

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका चित्रावर नाव कोरलेले आहे: जॉन स्मिथ, २८ वे घोडदळ, एप्रिल १८१९. मद्रासच्या फौजेतला हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला होता. झाडोऱ्यात दडलेली लेण्याची कमान त्याला दिसली, तो आत शिरला आणि जाताना बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव ओरखडून गेला. आज ते वाचायला मान वर करावी लागते. त्या काळी लेण्यात शतकांची दगडमाती साचली होती आणि स्मिथ सुमारे पाच फूट उंचीच्या त्या ढिगावर उभा होता. पुढे ढीग उपसला गेला, जमीन खाली गेली, नाव वरच राहिले.

त्या ओरखड्याचा राग येतो, आणि यायलाच हवा. पण राग आवरून पाहिले, तर समोरून चित्र पाहताना कधी लक्षात न येणारी एक गोष्ट त्यातून कळते. चित्राला जाडी असते. ओरखडा काजळीतून रंगात उतरतो, रंगातून गिलाव्यात. ही जाडी फार नसते, पण दहाव्या लेण्यात तेवढ्यात दोन हजार वर्षे बसली आहेत. वरच्या चित्राखाली काय दडले आहे, ते कोणी झाकले आणि झाकले म्हणून आपल्याला काय कळते, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगली भिंत नाही.

तेव्हा खडकापासून सुरुवात करून बाहेर येऊ.

लेण्याची भिंत बेसॉल्टची आणि छिन्नीच्या घावांनी खडबडीत. तिला मातीचा लेप नीट धरून राहतो. पहिला लेप जाडाभरडा: लोहयुक्त माती, बारीक खडी, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात, आणि अगदी वर चुन्याचा पातळ पांढरा थर. चित्र काढायचे ते या वाळलेल्या पांढऱ्या थरावर, रंगात सरस किंवा डिंकासारखे चिकट द्रव्य घालून. इटलीतल्या भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग लावतात, तो चुन्यात मुरतो आणि चुना वाळताना त्याला कायमचा धरून ठेवतो. अजिंठ्याचा रंग भिंतीत मुरलेला नाही, तो भिंतीवर बसलेला आहे. पुढे घडलेले बरेच काही या एका फरकामुळे घडले.

या मातीची एक हकीकत सांगितलीच पाहिजे. पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंह आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. वेरूळच्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते. भांगेमुळे कीड दूर राहते, गिलाव्यातली ओलही ती आवरते. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही, आणि अजिंठ्याची चित्रे जशी किडीने पोखरली, तशी वेरूळची पोखरली गेली नाहीत. चित्राच्या पाठीमागे, कोणाच्याही नजरेला न पडणाऱ्या थरात कोणत्या झाडाचा भुगा आहे, यावर पुढच्या दीड हजार वर्षांचा निकाल लागला.

चुन्याच्या पांढऱ्यावर पहिली रेघ गेरूची. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा तरुण चित्रकारांना सोबत घेऊन अजिंठ्याच्या नकला करत होत्या. चित्र कोणत्या क्रमाने घडले, हे त्यांनी भिंतीवरूनच वाचून काढले. आधी ठसठशीत तांबडे रेखाटन. त्यावर हिरव्या मातीचा पातळ हात, इतका पातळ की खालची तांबडी रेघ त्यातून डोकावते. मग जागोजागचे मूळ रंग. मग काळ्या आणि तपकिरी रंगाने रेघा पुन्हा पक्क्या करायच्या, आणि गरज असेल तिथे थोडी छाया. काही ठिकाणी वरचे सगळे झडले आहे आणि उरली आहे ती फक्त गेरूची रेघ. हे नुकसान खरे, पण त्या जागी आपण चित्रकाराच्या अगदी पहिल्या विचारापाशी पोचतो. पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून त्याने पहिल्यांदा हात चालवला, तो क्षण तिथे उघडा पडला आहे. पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा मला अशा जागांशी जास्त वेळ थांबावेसे वाटते.

आता दहावे लेणे. हे चैत्यगृह अजिंठ्यातले सर्वांत जुने लेणे मानले जाते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ब्राह्मी अक्षरांत, दर्शनी भाग वासिठीपुत कटहादी याने दिल्याची नोंद तिथे कोरलेली आहे. आत ३९ अष्टकोनी खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. डाव्या बाजूच्या भिंतीवर सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक आहे: एक राजा आपल्या परिवारासह, वाद्ये आणि नर्तकींच्या साथीने बोधिवृक्षाच्या पूजेला आला आहे. पुरुषांच्या डोक्यावर गाठीदार फेटे, स्त्रियांच्या अंगावर भरघोस दागिने. सांची आणि भारहूतच्या दगडात दिसतात तीच ही माणसे, इथे मात्र रंगात. उजव्या बाजूला दोन जातककथा. एक षड्दंत हत्तीची: सवतीमत्सराने मेलेली हत्तीण पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि आपल्या पूर्वजन्मीच्या पतीचे सुळे आणायला शिकारी पाठवते. दुसरी श्यामाची: आंधळ्या आईबापांसाठी पाणी आणायला गेलेल्या मुलाला राजाचा बाण लागतो. श्रावणबाळाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही दुसरी कथा कोणी समजावून सांगावी लागत नाही.

या जुन्या चित्रांत बुद्धाची मूर्ती नाही. पूजा होते ती झाडाची आणि स्तूपाची. बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवायचे नाही असा तेव्हाचा संकेत होता, असे पूर्वीचे अभ्यासक ठामपणे सांगत. सुसान हंटिंग्टन यांनी त्याला वेगळा अर्थ सुचवला: ही चित्रे बुद्धाच्या जागी खूण ठेवण्यासाठी काढलेली नसून लोक खरोखरच बोधिवृक्षाच्या आणि स्तूपाच्या दर्शनाला जात, त्या यात्रांची ती चित्रे असू शकतात. वाद मिटलेला नाही. झाड समोर आहे आणि बुद्ध दिसत नाही, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

पाच-सहाशे वर्षे गेली. पाचव्या शतकात, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमच्या वाकाटकांच्या काळात, अजिंठ्याला पुन्हा छिन्न्या वाजू लागल्या. राजा हरिषेणाच्या कारकिर्दीत पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे अशी आज जगभर माहीत असलेली लेणी घडली. जुनी चैत्यगृहेही वापरात आली आणि त्यांच्या भिंतींवर, खांबांवर नव्या काळाची चित्रे काढली गेली. कुठे ती जुन्या चित्राला लागून आहेत, तर कुठे जुन्यावरच चढली आहेत. आता खांबाखांबावर बुद्ध आहेत: उभे, बसलेले, मस्तकामागे प्रभावळ, वर छत्र, पायाशी लहानसे भक्त. ज्या लेण्यात एकेकाळी झाडाला हात जोडले जात होते, तिथे आता एकाच ठिकाणी उभे राहून कितीतरी बुद्धमुखे दिसतात. एका धर्माच्या आत झालेला एवढा मोठा बदल ग्रंथांतून शोधायचा तर पिढ्या जातात. दहाव्या आणि नवव्या लेण्यांत तो भिंतीवर थराला थर लागून उभा आहे. वरचा थर ढासळला तिथे खालचा दिसतो.

ही पाचव्या शतकातली बुद्धचित्रे एका योजनेत बसणारी वाटत नाहीत. एकेकटी, आपापल्या चौकटीत, मिळाली ती जागा धरून काढलेली. उभे आयुष्य अजिंठ्याला दिलेले अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचे मत इथे उपयोगी पडते. हरिषेण वारल्यावर राजाश्रय तुटला, आखलेली कामे अर्धवट राहिली आणि पुढची थोडी वर्षे भिक्षू आणि सामान्य दात्यांनी सापडेल त्या मोकळ्या जागेत आपापल्या पुण्यासाठी चित्रे आणि मूर्ती करून घेतल्या, असे त्यांनी मांडले. त्यांचा वर्षावर्षाचा कालक्रम सगळे अभ्यासक मानत नाहीत. पण दहाव्या लेण्यातला दाटीवाटीने उभा असलेला बुद्धपरिवार पाहिला, की राजाचा आधार सुटल्यानंतर साध्या माणसांनी भिंतीवर केलेली गर्दी ती हीच, असे मला वाटते.

दोन्ही थर वेगळे ओळखण्याची एक सुंदर खूण रंगातच आहे. गेरू, पिवळी माती, काजळ, पांढरा आणि दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडते तसे हिरवे खनिज, एवढे रंग जुन्या थरात आहेत. निळा नाही. पाचव्या शतकाच्या चित्रांत निळा येतो, तो लाजवर्दाचा. लाजवर्द येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका भिंतीवर निळा ठिपका दिसला, तर तो ठिपका कोणत्या काळाचा हे तर कळतेच, शिवाय त्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे कुठून कुठवर चालत होते हेही कळते.

आता प्रश्न असा, की वरचा थर न ढासळता, कोणी न खरवडता, खालचे पाहायचे कसे?

युरोपातल्या कॅनव्हासवरच्या चित्रांसाठी याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी मिळाले. रॉन्टगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत एका चित्रावर ते सोडून पाहिले गेले. जुने युरोपीय चित्रकार शिशापासून केलेला पांढरा रंग वापरत. शिसे क्ष-किरणांना अडवते, त्यामुळे फिल्मवर खालच्या चित्रातल्या उजळ जागा उमटतात. पिकासोच्या ‘वृद्ध गिटारवादक’ या चित्राखाली, त्याच्या हलाखीच्या दिवसांत पुन्हा वापरलेल्या फळीवर, एक स्त्री आहे. व्हॅन गॉगच्या १८८७ सालच्या गवताच्या चित्राखाली २००८ साली एका शेतकरी बाईचा चेहरा सापडला. हॅम्बुर्गच्या कणत्वरकातून निघालेल्या तीव्र क्ष-किरणांनी रंगातले पारा आणि अँटिमनी ही मूलद्रव्ये बिंदूबिंदूने मोजली आणि ओठ, गाल, कपाळाचे रंगसुद्धा परत मिळाले. चित्रकाराने मनातल्या मनात फिरवलेला निर्णय असा शंभर वर्षांनी उघड होतो.

अजिंठ्याला ही जुनी युक्ती चालत नाही. आरपार क्ष-किरण टाकायचे तर चित्राच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला फिल्म लागते. इथे चित्राच्या दुसऱ्या बाजूला डोंगर आहे. म्हणून ज्या पद्धतींत किरण टाकणे आणि परत आलेले टिपणे हे एकाच बाजूने होते, त्याच इथे उपयोगाच्या.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकणे. समोरून सपाट दिसणारी भिंत मग शेतासारखी उंचसखल दिसू लागते: कुठे नव्या गिलाव्याची कड, कुठे सुटलेला पापुद्रा, कुठे वरच्या रंगातून जाणवणारी खालच्या चित्राची रेघ. त्यानंतर अतिनील प्रकाश. जुनी राळेची व्हार्निशे त्यात हिरवट चमकतात, लाख नारिंगी चमकते आणि नंतर कोणी केलेली डागडुजी काळपट डागांसारखी उठून दिसते. तिसरा इन्फ्रारेड. साठच्या दशकात डच भौतिकशास्त्रज्ञ व्हान आस्पेरेन द बूर यांनी ही पद्धत रुळवली. पुष्कळसे रंग या प्रकाशाला वाट देतात, काजळ आणि कोळसा मात्र तो गिळतात. म्हणून युरोपातल्या चित्रांखालचे कोळशाचे रेखाटन लख्ख दिसते. अजिंठ्याला इथेही अडचण आहे, कारण पहिले रेखाटन गेरूचे, आणि गेरूची रेघ इन्फ्रारेडमध्ये फिकी पडते. चित्रकाराने शेवटी पक्क्या केलेल्या काजळाच्या रेघा मात्र मळकट, पिवळ्या पडलेल्या थराखालूनही हाती लागतात. लाजवर्द ओळखायला रामन वर्णपटमापन लागते: लेसर किरण रंगाच्या कणावर पडतो आणि परत विखुरलेल्या प्रकाशावरून ते खनिज कोणते हे कळते. हे सगळे चित्राला बोटही न लावता होते. अगदीच अडले, तर झडलेल्या जागेच्या कडेचा टाचणीच्या डोक्याहून लहान कण घेतात, तो पारदर्शक रेझिनमध्ये बसवतात, घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची बाजू पाहतात. माती, चुना, गेरू, रंग, लाख, काजळी असे सगळे एकावर एक दिसते.

या यादीत लाख आली, ती मुद्दाम. अजिंठ्याच्या चित्रांवर माणसाने चढवलेला शेवटचा मोठा थर लाखेचा आहे, आणि तो चित्रे वाचवण्याच्या इच्छेने चढवला गेला.

ही गोष्ट नकलांपासून सुरू होते. रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याला राहून चित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन तिथे जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. तेरा वर्षांत तीनशेच्या आसपास नकला झाल्या. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक जळाल्या. उरलेल्या दीडशेहून अधिक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरून नंतर नाहीसे झालेले कितीतरी तपशील आता फक्त तिथे दिसतात. जपानी चित्रकारांनी कागदावर केलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या. मूळ चित्रे अंधाऱ्या लेण्यात टिकली आणि सुरक्षित म्हणून नेलेल्या नकला जळत राहिल्या, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढले, हेही त्याच कामाचे दुसरे अंग.

मग हैदराबाद संस्थानाने पुढाकार घेतला. अजिंठा निजामाच्या राज्यात होते आणि पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांना या चित्रांची मनापासून काळजी होती. १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावण्यात आले. सुटलेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला. ते काम मोलाचे होते आणि ते झाले नसते तर बरेच काही तेव्हाच पडले असते. पण रंग पक्के राहावेत म्हणून त्यांनी वर शेलॅकचा हात दिला. शेलॅक म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, सुतार लाकडाला पॉलिश करतात तीच. लाकडावर ती शोभते. सरसाने मातीवर बसवलेल्या रंगावर तिने वेगळेच केले. लाख पिवळी पडत गेली, मग तपकिरी. आकसली, तडकली आणि आकसताना खालच्या रंगाचे पापुद्रे ओढू लागली. धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण तिच्यावर बसत गेली. वय झालेली लाख स्पिरिटमध्येही सहज विरघळत नाही. पाण्याने पुसावे तर सरस आणि माती दोन्ही सुटतात. पुढे १९५३ नंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि काही ठिकाणी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम रेझिनचे लेपही बसले.

म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने अजिंठ्याचा जो उबदार, तपकिरी, मावळतीसारखा रंग पाहिला, त्यातला बराच भाग लाखेचा होता. त्या रंगावर लेख लिहिले गेले आणि तो प्राचीन चित्रकारांचा स्वभाव समजला गेला. १९९९ पासून नवव्या आणि दहाव्या लेण्यांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेने लाख आणि काजळी उतरवायला सुरुवात केली. काम बोटाबोटाने चालते: आधी इन्फ्रारेडने खाली काय आहे ते पाहायचे, मग द्रावकाचा अगदी थोडा अंश लावायचा, लाख मऊ झाली की ती टिपून घ्यायची आणि रंग हलला तर तिथेच थांबायचे. काळ्या झालेल्या भिंतीतून दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे, हत्ती, झाडे पुन्हा दिसू लागली. भारतात उरलेल्या बौद्ध चित्रांतली ही सर्वांत जुनी.

यातून संवर्धनातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो: कोणता थर काढायचा आणि कोणता ठेवायचा?

जर्मनीत ड्रेस्डेनला व्हर्मीरचे एक चित्र आहे, उघड्या खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीचे. तिच्या मागची भिंत कोरी होती. १९७९ साली क्ष-किरणांत त्या भिंतीवर मदनाचे मोठे चित्र दिसले. व्हर्मीरनेच ते नंतर पुसले असणार असे सगळे धरून चालले आणि चाळीस वर्षे ती कोरी भिंत त्याच्या संयमाची साक्ष म्हणून वाखाणली गेली. २०१७ साली साफसफाई सुरू झाल्यावर प्रयोगशाळेत नमुन्यांची बाजू पाहिली. मदन आणि वरचा रंग यांच्यामध्ये जुने व्हार्निश होते आणि त्यावर मळाचा थर होता. मळ साचायला दशके लागतात. तोवर व्हर्मीर वारलेला होता, म्हणजे पुसणारा हात त्याचा नव्हता. वरचा रंग काढला गेला आणि २०२१ पासून मदन सर्वांना दिसतो. निकाल लावला तो दोन रंगांमधल्या धुळीने.

दहाव्या लेण्यात असा निकाल लागू शकत नाही, लागूही नये. तिथे वरचा बुद्ध कोणा परक्याने चढवलेला नाही. पाचव्या शतकातल्या भक्ताचा तो बुद्ध खालच्या बोधिवृक्षाइतकाच अस्सल आहे. खाली आणखी जुने आहे म्हणून तो खरवडणे म्हणजे एका पिढीच्या श्रद्धेसाठी दुसरीची श्रद्धा पुसणे. लाख मात्र काढता येते, कारण ती ना त्या भक्ताची, ना त्या चित्रकाराची. आणि स्मिथचे नाव? ते भरून काढले तर जखम झाकली जाईल, पण लेण्याचा एक काळ त्याबरोबर जाईल. ते तसेच ठेवावे, असे माझे मत आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न देवळातही भेटतो. सप्तशृंगगडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर विधिपूर्वक उतरवला गेला. पिढ्यान् पिढ्या चढत गेलेला शेंदूर शेकडो किलो भरला आणि खाली खडकात कोरलेल्या अठरा भुजांच्या मूर्तीचे बारकावे कित्येक पिढ्यांनंतर दिसले. तो शेंदूर भक्तीनेच चढलेला होता. म्हणून उतरवतानाही पुजारी, विश्वस्त आणि तज्ज्ञ एकत्र बसले. अशा कामाची रीत तीच असावी.

थर चढण्याचा हा प्रकार घराजवळच्या वाड्यांतही दिसतो. भोर तालुक्यातून महामार्गाने दक्षिणेला निघालो, कापूरहोळ, शिरवळ मागे टाकून खंबाटकी उतरलो, की सुरूर फाट्यावरून वाई. तिथून थोड्या अंतरावर मेणवली, कृष्णेच्या घाटावर नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा. त्याच्या भिंतींवर मराठेशाहीतली चित्रे आहेत. या परिसरातल्या वाड्यांत आणि देवळांत अशी चित्रे होती आणि काही आहेत. अजिंठ्याच्या मानाने अगदी अलीकडची, चुन्याच्या वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली. त्यांना लाखेने गाठले नाही, त्यांना चुन्याने गाठले. वाटण्या झाल्या, वाड्याच्या खोल्या भाड्याने गेल्या, दर दिवाळीला नवा हात फिरला. पुढे चुन्याच्या जागी डिस्टेंपर आले, मग ऑइल पेंट.

चुन्याखाली गेलेले चित्र मेले असे समजू नये. इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपेलमधली धार्मिक चित्रे १५६३-६४ च्या सुमारास झाकली गेली. तेव्हा गावाचे हिशेब पाहणाऱ्यांत जॉन शेक्सपिअर होता, नाटककाराचा बाप. त्या चित्रांतली काही १८०४ साली चुन्याखालून पुन्हा बाहेर आली. चुन्याने त्यांना धुरापासून आणि उजेडापासून अडीचशे वर्षे झाकून ठेवले होते. चुन्याचा हात रंगाला एकजीव होऊन चिकटलेला नसेल, तर तो कवचासारखा सुटतो, आणि निष्णात माणूस बारीक पात्याने तो कण कण करून उचलू शकतो. ऑइल पेंटचे तसे नाही. त्याची सलग कातडी बनते, ती निघताना खालचे घेऊनच निघते, आणि चुन्याच्या भिंतीतली ओल आत कोंडून ठेवते ते वेगळेच.

म्हणून जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या भिंतीवर पोपडा निघाला आणि खाली तांबडी-हिरवी रेघ दिसली, तर रंगाऱ्याला लगेच पत्र्याने खरवडू देऊ नये. तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर नको, ओले फडके तर मुळीच नको. बाजूने टॉर्च धरून फोटो काढावेत, म्हणजे समोरून न दिसणारे उठाव दिसतात. पडलेले पोपडे झाडून टाकू नयेत, कागदात बांधून ठेवावेत. प्रयोगशाळेला थरांची बाजू पाहायला तेच उपयोगी पडतात. मग राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवावे, किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन विभागाशी बोलावे. ते येईपर्यंत करण्यासारखे एक काम घरच्या माणसांच्या हातात असते, आणि ते चित्रापासून दूर आहे. भिंतीत ओल कुठून येते ते शोधावे. फुटलेली कौले बदलावीत, पन्हाळ साफ करावी, भिंतीच्या पायाशी साठणारे पाणी वळवावे. रंगाला हात लागायची पाळी येते ती त्यानंतर, भिंत एक-दोन पावसाळे कोरडी राहिल्यावर.